‘उचल’ या शब्दाची उलटतपासणी

डिसेंबर २०२४ पासून बीड जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत ज्या शब्दांबरोबर छापून येते, ते शब्द वाचकांना आता पाठ झाले आहेत. केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांचा ९ डिसेंबर रोजी खून झाला आणि खंडणी, हप्ता, टक्केवारी, खोके हे शब्द या जिल्ह्याला चिकटले ते चिकटलेच. मध्यंतरी एका कामासाठी आम्ही मुंबईला गेलो असता तेथील एका वकीलमित्राने चेष्टेने विचारले, "काय हो, तुमच्या बीडमध्ये पैशाला सध्या काय म्हणतात?" आम्ही म्हटले, "उचल म्हणतात." तो हसला. आम्ही उचलेगिरीवर काही विनोद केला असे त्याला वाटले. समजावून सांगायला तेव्हा वेळ नव्हता. ते काम आज येथे करीत आहोत.

पैशाला टोपणनावे सगळीकडेच असतात आणि नाव कोणी ठेवले यावरून पैसा कोणाच्या खिशात होता ते कळते. लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला ‘खोका’ ही मुंबईच्या टोळ्यांची भाषा. आकडा उघड होऊ नये म्हणून ती आली. मग ती बिल्डरांच्या तोंडी गेली, तेथून पुढाऱ्यांच्या. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांच्या घोषणा झाल्या तेव्हा खोका म्हणजे किती हे शाळेतल्या पोरांनाही कळले. कचेरीतला पैसा ‘चहापाणी’ होतो, फाईल हलावी म्हणून ठेवायचे ते ‘वजन’ होते, कंत्राटातला वाटा ‘टक्का’ होतो आणि नोट ‘गांधी’ होते. (नोटेवर चित्र कोणाचे असावे या वादात आज शिरत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) ही सगळी पकडले जाऊ नये म्हणून ठेवलेली नावे. उचल हा शब्द मात्र चावडीवर, पारावर, ग्रामसभेत, मंत्र्यांच्या भाषणात राजरोस बोलला जातो. त्याला कोणी टोपणनाव समजतच नाही. आमचे म्हणणे असे आहे की, पैशाच्या सगळ्या नावांत सर्वात जास्त लपवणारे नाव हेच आहे.

आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी दोन रुपये होते. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानचा स्वतःचा रुपया होता, त्याला ‘हाली’ म्हणत. इंग्रजांचा रुपया तो ‘कलदार’. सात हालींचे सहा कलदार असा साधारण भाव. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, तरी हाली नाणे लगेच गेले नाही. १९५९ पर्यंत ते रेंगाळले. आष्टी-पाटोद्याकडची माणसे हद्द ओलांडून तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात गेली की तेथे व्यवहार कलदारात. त्यामुळे ‘कलदार’ म्हणताना म्हाताऱ्यांच्या आवाजात एक कौतुक असे. दगडावर वाजवून घ्यावे असे खणखणीत नाणे. चवली, पावली, अधेली, ढब्बू हे शब्दही त्यांच्या बोलण्यात सहज येत. पण त्याला जोडून एक वाक्य हमखास येई, "आपल्या हातात कुठं यायचं ते!"

हातात येत नव्हते हे शब्दशः खरे होते. महारवाड्याला रोख मोबदला नव्हता, बलुते होते. खळ्यावरचे उरलेसुरले धान्य, दारोदार मागितलेली भाकर, मेलेले ढोर. कधी नाणे मिळालेच तर ते हातावर ठेवले जात नसे, वरून टाकले जाई. दुकानात तेच नाणे उंबऱ्याबाहेर ठेवायचे आणि दुकानदाराने त्यावर पाणी शिंपडून ते आत घ्यायचे. चवली-पावलीची नावे त्यांना ऐकून पाठ होती. हिशेब करण्याइतकी ती त्यांच्याकडे कधी आलीच नाहीत.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतनावर घाव घातला तो यासाठी. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यामागचा त्यांचा युक्तिवाद आजही वकिलांनी अभ्यासावा असा आहे. वतनदार महार हा चोवीस तासांचा बांधलेला नोकर. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने राबायचे. आणि मोबदला मात्र ठरलेला नाही, तो गावाच्या मर्जीवर. म्हणजे काम सक्तीचे आणि दाम मेहेरबानीचा. वतन नावाचा मोठा मान, आणि त्या मानाखाली ही गुलामगिरी झाकलेली. आमचा समाज त्या शब्दाच्या मोहात कित्येक पिढ्या अडकला होता. महारकी सुटली आणि माणसे गिरणीत, रेल्वेत, पलटणीत गेली, तेव्हा महिन्याच्या महिन्याला मोजून हातावर पडणारा रोख पगार ही आमच्यासाठी नुसती कमाई नव्हती. हातावर पैसा ठेवला जाणे ही माणूस म्हणून पहिली नोंद होती.

बाबासाहेबांनी रुपयाचाही अभ्यास केला. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला आणि पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. आपल्या व्यासपीठांवर ‘या ग्रंथामुळे रिझर्व्ह बँक झाली’ एवढे एक वाक्य सांगून टाळ्या घेतल्या जातात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आम्हीही असे केले आहे. पण रुपयाच्या दराच्या त्या वादात बाबासाहेबांनी मजुराची बाजू कशी मांडली, ते फारसे कोणी सांगत नाही. रुपयाचा भाव पाडला की वस्तूंच्या किमती चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते, आणि मधला फरक धंदेवाल्याच्या पदरात पडतो, असे त्यांनी दाखवून दिले. मजुराच्या हातावर किती रुपये पडले एवढे पाहू नका, त्या रुपयाची किंमत कोण ठरवतो आणि वरचढ कोण होतो ते पाहा, ही ती कसोटी आहे. ती कसोटी आमच्या जिल्ह्यातल्या उचलीला लावून पाहू.

१९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मागोमाग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली आणि ऊस तोडायला माणसे लागली. पाणी तिकडे आणि दुष्काळ इकडे. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट आणखी रुळली. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, आष्टी या तालुक्यांतील डोंगरपट्ट्याची गावे दसरा-दिवाळीनंतर रिकामी होतात आणि शिमग्या-पाडव्याच्या सुमारास पुन्हा भरतात. वंजारी आहेत, बंजारा आहेत, धनगर आहेत, मराठा आहेत, मातंग आहेत, आपले बौद्ध बांधव आहेत. कारखाना वाहतूकदाराला पैसा देतो किंवा बँकेकडून मिळवून देतो, वाहतूकदार मुकादमाला देतो आणि मुकादम पावसाळ्यातच, माणूस सर्वात अडलेला असताना, तो मजुराच्या हातावर ठेवतो. तीच उचल. पोरीचे लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, मागच्या वर्षीची देणी यांत ती पोळ्यापर्यंत संपते. काम सुरू व्हायला अजून दोन महिने असतात.

या धंद्यातले शब्द ऐकण्यासारखे आहेत. कोयता म्हणजे हत्यार हे बाहेरच्याला कळते. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम ‘किती माणसे’ असे विचारतच नाही, ‘किती कोयते’ असे विचारतो आणि कोयत्यावर उचल ठरते. ही उचल नुसती घेतली असेही म्हणत नाहीत, ‘अंगावर घेतली’ म्हणतात. सोसायटीचे कर्ज सातबाऱ्यावर चढते, बँकेचे घरावर चढते. ज्याला सातबाराच नाही त्याचे अंगावर चढते. हंगाम चालू असताना किराण्यासाठी पंधरवड्याला जे हातावर पडते ती ‘खर्ची’. ती मजुरी नव्हे, तीही उचलीतच मिळवली जाते. कामाचा दिवस चुकला तर ‘खाडा’, आणि खाड्याला दंड. दिवसाला पाचशे रुपये तर सर्रास, काही टोळ्यांत त्याहून अधिक. ऊस लवकर जावा म्हणून शेतकरी टोळीला देतो ती ‘खुशाली’ आणि गाडीच्या ड्रायव्हरला देतो ती ‘एन्ट्री’. नाव खुशाली, पण खुशीने देणारा शेतकरी आम्ही पाहिला नाही, आणि त्यातली किती टोळीतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचते हे ज्याचे त्याला ठाऊक. हंगाम संपल्यावर मुकादमाच्या वहीत जो आकडा उरतो ती ‘बाकी’. फिटली तर गडी मोकळा, नाही तर बाकी पुढच्या सालावर. तिच्यावर नवी उचल चढते.

एक पैसा मात्र या वहीत चढत नाही. उसाच्या शेंड्याचे वाढे बांधून जनावरांसाठी विकले जातात आणि त्याचे रोख पैसे बहुधा बाईच्या हाती येतात. आम्ही एका ताईंना विचारले, "या पैशाला तुमच्यात काय म्हणतात?" त्या म्हणाल्या, "त्याला काय म्हनायचं साहेब? पैसा म्हनायचा."

आता हिशेब मांडू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि संघटना यांच्यात करार झाला आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. तेव्हापासून टनाला साडेतीनशे-पावणेचारशे रुपयांच्या दरम्यान दर बसतो; आपण ३६५ धरू. एका कोयत्याने एक लाखाची उचल घेतली तर ती फेडायला सुमारे २७४ टन ऊस तोडावा, मोळ्या बांधाव्या आणि गाडीत भरावा लागतो. चांगली जोडी पहाटेपासून राबून दिवसाला दोन टन पाडते असे धरले, तरी १३७ दिवस होतात. त्यात एकही खाडा नाही, एक रुपयाची खर्ची नाही, तान्हे पोर आजारी पडलेले नाही आणि गाडीची वाट पाहत बसलेला एकही दिवस नाही, असे धरून. पावसाने किंवा उसाच्या टंचाईने हंगाम शंभर दिवसांतच आटोपला तर? बाकी राहणारच. ती राहावी अशीच ही रचना आहे, कारण बाकी राहिली तरच पुढच्या साली गडी हक्काचा.

आणि म्हणूनच आमच्या जिल्ह्यातले पुढारी ‘यंदा उचल वाढली’ असे अभिमानाने सांगतात तेव्हा आमच्या अंगावर काटा येतो. मजुरी वाढली तर माणूस लवकर मोकळा होतो. उचल वाढली तर तो उशिरा मोकळा होतो. दोन्हींना ‘पैसे वाढले’ म्हणता येते, हीच या भाषेची करामत आहे. खंत याची की, मोर्चात ‘उचल वाढवा’ अशी मागणी करणाऱ्यांत आमचेही कार्यकर्ते असतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका निवेदनावर ही मागणी आम्ही स्वतःच्या हाताने लिहिली आहे. कायद्याची पदवी तेव्हाही आमच्या खिशात होती.

खाड्याच्या भीतीने काय घडते ते २०१९ साली देशाने पाहिले. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची प्रकरणे बाहेर आली आणि शासनाने समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. डॉक्टरांवर बोलणे झाले, अज्ञानावर बोलणे झाले. पण पाळीच्या दिवसांत पडणारा खाडा आणि शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मुकादमाकडूनच घेतलेली उचल यांचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा, ते कोणी सांगितले नाही.

आता आमच्याच जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टातला प्रसंग सांगतो. बालाघाटच्या डोंगरातल्या एका वस्तीवरचे बौद्ध जोडपे आमच्याकडे आले. हातात दिवाणी दाव्याचे समन्स. मुकादमाने ऐंशी हजार रुपये आणि त्यावरचे व्याज यांचा दावा लावला होता. सोबत मुद्रांकावर केलेली आणि नोटरीपुढे शिक्का मारलेली लिखापढी. त्यात लिहिले होते की, प्रतिवादीने घरगुती अडचणीसाठी वादीकडून स्नेहसंबंधाखातर ही रक्कम हातउसनी घेतली असून मागताक्षणी परत करण्याची हमी दिली आहे. खाली अंगठा. ऊस नाही, कारखाना नाही, कोयता नाही. असे कागद आमच्याकडे पुष्कळ येतात आणि सगळ्यांचा मजकूर जवळपास एकच असतो. बहुधा कोऱ्या चेकवर सहीही घेतलेली असते, या जोडप्याकडे चेकबुकच नव्हते म्हणून ते वाचले. बोलताना उचल म्हणायचे आणि लिहिताना हातउसने म्हणायचे, ही या धंद्याची पद्धत आहे. बोलण्यातल्या शब्दाने माणूस कामाला बांधायचा, आणि तो काम सोडून आला की लिहिलेल्या शब्दाने कोर्टात खेचायचा. कोणी पोलिसांत जाऊन फसवणुकीची फिर्यादही देतो. एकच रक्कम, टोळीत ती उचल, कोर्टात उसनवारी आणि ठाण्यात फसवणूक.

त्या गड्याचे म्हणणे साधे होते. पैसे घेतले, नाही म्हणत नाही. पण दोन महिने दोघांनी तोडणी केली, बाई आजारी पडली, मुकादम सोडेना, रात्री निघून आलो. मग केलेल्या कामाचे पैसे कुठे गेले?

साक्षीच्या वेळी वादीने एक चूक केली. आपली मागणी भक्कम व्हावी, ऐंशी हजारांशिवाय वरही पैसे दिले होते हे दिसावे, म्हणून त्याने टोळीची वही कोर्टात हजर केली. लाल कापडी बांधणीची, पेन्सिलने लिहिलेली. आम्ही ती चाळली. गड्याच्या नावापुढे लिहिले होते: कोयता १. त्याखाली उचल, त्याखाली तारीखवार खर्ची आणि शेवटी खाडे ११. आम्ही उलटतपासणीत विचारले, "खाडा म्हणजे काय?" तो म्हणाला, "कामावर आला नाही तर पैसे कापायचे, तो खाडा." आम्ही विचारले, "तुम्ही स्नेहसंबंधाखातर हातउसने दिलेत. हातउसने घेणाऱ्याला खाडा असतो का?" समोरच्या वकीलसाहेबांनी हरकत घेतली. ती नोंदवली गेली. उत्तर मात्र आले नाही.

बंधबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा १९७६ चा. त्यात ‘उचल’ हा शब्द नाही, ‘ॲडव्हान्स’ आहे: रोख किंवा वस्तुरूपाने दिलेली आगाऊ रक्कम. अशा रकमेपोटी माणूस किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात राबत असेल, किंवा दुसरे काम धरण्याचे अथवा मोकळेपणाने फिरण्याचे त्याचे स्वातंत्र्य गेले असेल, तर ती बंधबिगारी. कलम ६ म्हणते की असे कर्ज फेडण्याची जबाबदारी संपली आणि त्याच्या वसुलीसाठी दिवाणी कोर्टात दावाच चालणार नाही. कलम १५ त्याहून महत्त्वाचे: हे बंधबिगारीचे कर्ज आहे असे मजुराने म्हटले की, ते तसे नाही हे शाबीत करण्याचा बोजा धनकोवर पडतो. आपल्या संविधानाचे कलम २३ वेठ आणि सक्तीच्या मजुरीला मनाई करते. १९८२ साली दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पोटाच्या अडचणीने किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबावे लागणे हीदेखील सक्तीच आहे. डोक्यावर काठी उगारलेली असलीच पाहिजे असे नाही. मजूर अनुसूचित जातीचा असेल आणि राबवणारा त्या बाहेरचा असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याखालीही हा गुन्हा ठरतो. कायद्याची कमतरता नाही. पण ही सगळी कलमे ज्या दाराने आत येतात ते दार एका शब्दाचे आहे. कागदावर ‘हातउसने’ राहिले तर माणूस ऋणको, ‘फसवणूक’ झाले तर आरोपी आणि ‘उचल’ म्हणजे काय हे कोर्टाला दाखवता आले तरच तो बंधबिगार. आमच्या प्रकरणात कोर्टाने दावा शाबीत झाला नाही म्हणून फेटाळला. कलम ६ वर निकालात फारसे काही आले नाही. आम्हाला हवा होता तो हा निकाल नव्हता, पण ऐंशी हजार अंगावरून उतरले.

मुकादमाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, नाही तर हे लिहिणे एकांगी होईल. मुकादम हा बहुतेक वेळा कालचा ऊसतोड्याच असतो. आपल्यातलेही मुकादम आहेत. एक-दोघे तर विहाराच्या बांधकामाला देणगी देणारे आहेत. त्यांच्याही अंगावर वाहतूकदाराचे लाखो रुपये असतात आणि टोळी पळाली की सांगली-कोल्हापूरच्या ठाण्यांत त्यांच्यावर फसवणुकीचे गुन्हे दाखल होतात. साखळीच्या वरच्या टोकाला असलेल्या कारखान्याचे नाव मात्र कोणत्याच कागदावर नसते. ऊस त्याचा, साखर त्याची, उचलीचा मूळ पैसा त्याच्या हमीचा, आणि मजूर कोणाचा म्हटले की तो मुकादमाचा! साखरसम्राटांनी हा शब्द चालू ठेवला तो उगीच नाही.

मग करायचे काय? आमच्या मते चळवळीने दोन गोष्टी ताबडतोब हाती घ्याव्यात. या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असली पाहिजे, आणि जिल्हा समितीवर अनुसूचित जाती-जमातींच्या तीन रहिवाशांची नेमणूक जिल्हाधिकाऱ्यांनी करायची आहे. या तीन जागांवर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, किती मजुरांना मुक्तता प्रमाणपत्र मिळाले, हे विचारणारा अर्ज प्रत्येक तालुक्यातून गेला पाहिजे. २०१६ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे मुक्त झालेल्या मजुराला एक लाखापासून तीन लाखांपर्यंत पुनर्वसनाची मदत ठरली आहे. प्रमाणपत्राशिवाय तिचा दरवाजा उघडत नाही. जयंतीच्या वर्गणीसाठी आम्ही जेवढ्या चकरा मारतो तेवढ्या चकरा यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात मारल्या तर पुष्कळ होईल.

दुसरी गोष्ट विहारात करण्याजोगी आहे. टोळ्या निघतात त्या दसऱ्यानंतर, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आगेमागे. दीक्षाभूमीवरून आलेली माणसे आठवडाभरात ट्रकमध्ये बसतात. त्याच दिवसांत गावोगावच्या विहारांत वह्यांच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. उचल किती, कोणाच्या हातून, कोणत्या कारखान्यासाठी, खाड्याचा दर काय. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये आणि दिलाच असेल तर कधी व कोणापुढे दिला ते लिहून ठेवावे. या जोडप्याच्या प्रकरणात वही वादीनेच आणून दिली. प्रत्येक वेळी तसे होणार नाही.

दावा फेटाळल्यानंतर त्या बाईंनी वहीच्या पानाची झेरॉक्स मागितली. त्यांना वाचता येत नव्हते, सातवीतली मुलगी सोबत होती. तिने वाचून दाखवले. बाईंनी विचारले, "यात माझ्या नावावर किती हाय?" आम्ही पान पुन्हा पाहिले. कोयता १ म्हणजे ती दोघे, पण नाव एकट्या गड्याचे. उचल त्याच्या नावावर, खर्ची त्याच्या नावावर. बाईंचा उल्लेख एकाच ठिकाणी होता: ‘बाई आजारी, खाडे ६’. अकरा खाड्यांपैकी सहा. मुलीने तेही वाचून दाखवले होते.

पुढच्या हंगामाला ती दोघे पुन्हा गेली, दुसऱ्या मुकादमाबरोबर. उचल नव्वद हजार. जाण्याआधी मुलीने वहीच्या पानाचा फोटो आमच्या मोबाईलवर पाठवला. मुकादमाशी भांडून त्यांनी पानावर दोन नावे लिहून घेतली आहेत. खाड्याचा रकाना तसाच आहे.